स्टीअरिंग जड लागतंय

"स्टीअरिंग जड लागतंय गं बाय," अप्पा फोनवर म्हणाले.

मी सईला नाचणीचं सत्त्व भरवत होते. ती चमचा धरून बसली होती आणि काही केल्या सोडत नव्हती. "पुढच्या टायरांत हवा कमी असेल," मी म्हटलं.

"हवा बघितली."

"मग अलाइनमेंट करून घ्या. दादाला सांगा."

"हां. तसंही असेल." मग म्हणाले, "सई चमचा कशी धरते गं? दोन्ही हातांनी धरते?"

"सोडतच नाही. ओढून घ्यावा लागतो."

"पकड सारखी आहे ना पण? दोन्हीकडची?"

"आहे हो सारखी," मी म्हटलं आणि फोन ठेवला, कारण सत्त्व फ्रॉकवर सांडलं होतं.

नातीची पकड विचारणारा आजोबा दुसरा कुठे नसेल. पण अप्पांचा धंदाच तसा. चिपळुणात आमचं 'सुर्वे मोटर ड्रायव्हिंग स्कूल'. अर्धं गाव अप्पांच्या शेजारी बसून गाडी शिकलं. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. नवीन माणूस शिकायला आला की मास्तर त्याला आधी गाडीत बसवतच नसत. अंगणात समोर उभं करायचे, आपल्या दोन्ही हातांची दोन-दोन बोटं पुढे करायचे आणि म्हणायचे, "दाब."

माणूस लाजत लाजत दाबायचा.

"अजून. शेळीचं दूध काढत नाहीयेस."

दोन्ही हातांचा जोर सारखा लागला की मान हलवायचे. एखादा हात कच्चा निघाला तर घरी जाऊन रोज ओला टॉवेल पिळायला सांगायचे. म्हणायचे, एक हात कच्चा असला की गाडी त्या अंगाला खाते, ओढत जाते. डॉक्टर, वकील, बँकेचे मॅनेजर, सगळ्यांनी ही बोटं दाबलेली. मास्तरांपुढे आपली बोटं धरून 'दाबा' असं कोणी म्हटलं असेल असं मला वाटत नाही. तशी पद्धतच नव्हती.

शिकवायची गाडी साध्या स्टीअरिंगची होती. चाकं वळवायची तर दंडाच्या जोरावर वळवायची, मध्ये कुणाची मदत नाही. आणि मी, त्यांची मुलगी, पुण्याजवळ ज्या कंपनीत होते तिथे नेमकी ती मदत बनायची. एकदा सुट्टीत घरी आले असताना मी त्यांना ते समजावून सांगितलं होतं. पूर्वी तेलाच्या दाबावर चालणारी पॉवर स्टीअरिंगं होती, आता विजेची मोटर. स्टीअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. तुम्ही हातातलं चाक ओढलं की ती किंचित पीळ खाते. त्या पिळावरून गाडीला कळतं की तुम्ही किती जोर लावताय, आणि मोटर त्यात आपली भर घालते. हाताचा जोर थोडा, मोटरचा फार.

"म्हणजे पोराने पेन्सिल धरायची आणि बाईंनी हात धरून गिरवायचं," अप्पा म्हणाले. "मग अक्षर कोणाचं?"

"वळलं की झालं ना, अप्पा."

"तेच म्हणतोय. वळवलं कोणी, ते कोणाला कळत नाही."

तर त्या फोननंतर दादाने अलाइनमेंट केली. मग पुढचे टायर बदलले. स्टीअरिंग तरीही जड. मग फिटरने खालचे बुश काढले, ग्रीस भरलं, शेवटी चाकं वळवणारा अख्खा रॅकच नवीन बसवला. दादा स्वतः गाडी गुहागरपर्यंत फिरवून आला आणि मला फोन करून वैतागला.

"लोण्यासारखी चालते गाडी. आणि हे म्हणतात जड. टायर नवे, रॅक नवा, बुश नवे. आता त्या गाडीत जुने फक्त अप्पाच उरलेत."

मी हसले. खरंच हसले. मग म्हटलं, "अरे, मग विजेच्या स्टीअरिंगची घेऊ ना. नाहीतरी आता शिकायला येणाऱ्यांच्या घरी तसल्याच गाड्या असतात."

मला वाटलं होतं अप्पा नाही म्हणतील. त्यांनी उलट विचारलं, "गिअर आपोआप पडणारी मिळेल का बघ."

दादाचा विश्वास बसेना. क्लच झटक्यात सोडला म्हणून याच अप्पांनी त्याला भर बाजारपेठेत गाडीतून उतरवून घरापर्यंत चालत पाठवलं होतं. तो म्हणाला, "म्हातारपणी शौक सुचतात एकेकाला."

दिवाळीत मी सईला घेऊन घरी गेले तेव्हा गाडी आणायला सगळेच गेलो. शोरूमच्या मागच्या पटांगणात ती उभी होती. आईने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. अप्पा आत जाऊन बसले. गाडी चालू केली आणि जागच्या जागी स्टीअरिंग फिरवायला लागले. इकडून पार तिकडे, तिकडून पार इकडे. डाव्या हाताचा नुसता तळवा चाकावर टेकवलेला.

उभ्या गाडीचं स्टीअरिंग फिरवायचं नाही, टायर रडतात, हे वाक्य मी लहानपणापासून रोज ऐकलेलं. त्यावरून त्यांनी कॉलेजातल्या प्राध्यापकांनासुद्धा झापलं होतं. मी खिडकीशी गेले, चिडवायला म्हणून. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"तुम्ही बनवता हे?" त्यांनी विचारलं.

"आमच्यासारखे बनवतात."

"चांगलं बनवलंय गं. हात लागतच नाही." मग म्हणाले, "आणि ही मोटर बंद पडली तर?"

"तर जड होईल. पण वळेल. दांडा खाली चाकांना जोडलेलाच असतो, अप्पा. माणसाच्या हातात तेवढा जोर असतोच, हे धरूनच बनवतात."

"धरूनच," ते म्हणाले.

लेकीच्या कामाचं कौतुक वाटून त्यांचे डोळे भरले, असं मी त्या दिवशी सईच्या बाबांना फोनवर सांगितलं. ते तेव्हा नोकरीसाठी जर्मनीला गेलेले होते.

मी काही बेफिकीर बाई नाही. उलट माझी चेष्टा व्हायची. सईला सर्दी झाली की मी झोपेत तिचे श्वास ऐकत बसायचे. ती उजव्या हाताने खेळणं उचलते की डाव्या, हे लक्षात ठेवायचे. दिवाळीच्या त्या मुक्कामात मला बाकी सगळं दिसतही होतं. अप्पा आयुष्यभर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, आता डोक्यातून घालायचे टी-शर्ट वापरत होते. आई म्हणाली, "तरुण झालेत." चहाची कपबशी जाऊन स्टीलचा पेला आला होता. शेजारच्या गल्लीतली एक मुलगी शिकायला आली, तिच्यासमोर अप्पांनी बोटं पुढे केली नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "आजकाल मुलींचे हात हातात घेणं बरं दिसत नाही, बाय." मला बरं वाटलं. म्हटलं, या वयातही माणूस सुधारतो.

सई मात्र त्यांचं बोट सोडायची नाही. ते बोट नेहमी डाव्या हाताचं असायचं.

थंडीत सईला आमच्या गावच्या देवीच्या पायांवर घालायचं ठरलं. गाव खाडीपलीकडे. फेरीबोटीतून गाडी पलीकडे नेली की पुढे थोडंच अंतर. दादाला कोर्टात काम होतं, म्हणून आम्ही चौघंच निघालो. अप्पा चालवत होते, शेजारी आई, मागे मी आणि लहान मुलांच्या सीटमध्ये सई. मी तिचे पट्टे ओढून ओढून बघत होते.

"पोर आहे की टपालाचं पार्सल?" आई मागे वळून म्हणाली. "तुम्हाला मी मांडीवर घेऊन गावं पालथी घातली."

"तेव्हा देव होता," मी म्हटलं.

"आणि आता?"

"आता पट्टे आहेत."

अप्पा हसले. फार छान गाडी चालवत होते. वळणं अशी घेत होते की सईची मानही हलत नव्हती. धक्का जवळ आला तसा समोर एक लाल दिवा लागला.

"तो कसला हो?" आईने विचारलं.

"बॅटरीचा. पलीकडे गेल्यावर बघू. बोट लागलीय."

ओहोटी होती. धक्क्याचा उतार खाली पार पाण्यापर्यंत उघडा पडला होता आणि खालच्या दगडांवर शेवाळ चकाकत होतं. बोटीची फळी उताराच्या डाव्या अंगाला टेकवलेली. गाड्या सरळ उतरायच्या आणि निम्म्यावर डावीकडे वळून फळीवर चढायच्या. समोर आणि उजवीकडे कठडा नाही, खाली पाणी. फळीवर उभा असलेला माणूस अप्पांचाच जुना विद्यार्थी निघाला. दोन्ही हात उंच करून ओरडला, "या मास्तर, या. डावीकडे मारा."

अप्पांनी गाडी उतारावर घातली. तेवढ्यात काहीतरी टिंग वाजलं. समोर आणखी एक दिवा लागला, पिवळा, स्टीअरिंगच्या चित्राचा. आमच्या चाचणीच्या खोलीत मोटर तोडून मी तो दिवा मुद्दाम लावायचे.

नंतर कळलं, बॅटरीला वीज पुरवणाऱ्या यंत्राचा पट्टा तुटला होता. वीज संपत आली की गाडी आधी इंजिन सांभाळते आणि हाताची मदत काढून घेते. तसंच ठरवलेलं असतं. माणूस आहे ना चाकावर.

"डावीकडे मास्तर. फुल मारा. फुल."

गाडी सरळच जात होती.

"अप्पा, वळवा," मी म्हटलं. "मोटर बंद पडलीय, जोर लावा."

"लावतोय."

"जोर लावा, अप्पा."

त्यांनी ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण गाडी शेवाळावरून तशीच घसरत राहिली. त्यांनी ब्रेक सोडला. थांबलेली चाकं वळत नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांचा खांदा पुढे आला, मान ताठ झाली, डावा दंड थरथरत होता. फळीवरचा माणूस ओरडायचा थांबला आणि आमच्याकडे पळत निघाला. आई "अहो" म्हणाली, तेही अगदी हळू, जसं जेवताना म्हणते.

मी पट्टा काढला, दोन्ही सीटांच्या मधून पुढे झेपावले आणि एका हाताने चाक खाली ओढलं.

मी त्या कामात वर्षं घालवली आहेत. चाकावर किती जोर येतोय आणि कुठून येतोय, हे मला हाताला कळतं. चाकावर माझा एक हात होता आणि अप्पांचे दोन. जोर दोनच हातांचा येत होता.

गाडी वळली. पुरती नाही. पुढचं उजवं चाक कडेवरून खाली उतरलं, पोट दगडावर घासलं आणि गाडी तिरकी होऊन थांबली. सई एकदाच रडली आणि गप्प झाली. खाली पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येत होता.

"काय झालं हो?" आई म्हणाली.

"स्टीअरिंग जड झालं," अप्पा म्हणाले.

मी अजून मधेच वाकलेली होते. त्यांचा उजवा हात माझ्या तोंडासमोर होता. चाकावर ठेवलेला. धरलेला नव्हता. बोटं अर्धवट वाकलेली, झोपलेल्या माणसाच्या हातासारखी. अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस असतं तिथे खळगा पडला होता. तो खळगा एका दिवसात पडत नाही.

मी तो हात चाकावरून काढला. माझी दोन बोटं त्यांच्या तळव्यात ठेवली.

"दाबा," मी म्हटलं.

ते समोर खाडीकडे बघत राहिले.

"अप्पा, दाबा."

"दाबतोय बाय," ते म्हणाले. "केव्हाचा दाबतोय."

बोटीवरच्या लोकांनी आम्हाला एकेकाला डाव्या दारांनी बाहेर काढलं. सईला मी घट्ट धरलं आणि दूर जाऊन उभी राहिले. अप्पांना हात द्यायला तो फळीवरचा माणूस होता.

पुण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी अप्पांना समोर बसवलं आणि आपली दोन-दोन बोटं पुढे केली. "दाबा बघू."

अप्पा हसले. "हे आमचं आहे, डॉक्टर."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी बोटं दाबून घेतली, गुडघ्यांवर छोटी हातोडी मारली, चालायला लावलं, सदऱ्याचं बटण लावायला सांगितलं. ते बटण काही लागलं नाही. मग मानेचे फोटो काढले. मानेच्या मणक्यांमधून जी मज्जारज्जू जाते ती दाबली गेली होती, हळूहळू, बरेच दिवस. ऑपरेशनने ती मोकळी करता येईल, आहे ते राखता येईल. गेलं ते परत येईल असं सांगता येणार नाही.

"लक्षणं केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं. "वर्षभर आधी आणलं असतंत तर हात बराचसा वाचला असता."

"वर्षभर आम्ही दाखवतच होतो," दादा म्हणाला. "गाडी."

तो बाहेर निघून गेला. आई त्याच्या मागे गेली. मी आणि अप्पा बाकावर बसून राहिलो.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"कळायचं काय त्यात? रोज टॉवेल पिळायचो. रोज पाणी कमी निघायचं."

"म्हणजे गाडीत काही नाही हे तुम्हाला माहीत होतं. दादाने रॅक बदलला तेव्हाही."

"गाडी कधी जड असते आणि कधी नाही, एवढं मला कळत नसेल तर मी कसला मास्तर?"

"मग सांगितलं का नाही, अप्पा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, तोच मला सहन झाला असता.

"सांगितलं की. पहिला फोन तुलाच केला. तू म्हणालीस, हवा बघा."

चूक आपली निघाली की मी काय करते ते मला माहीत आहे.

"आणि सई?" मी म्हटलं. "सगळं माहीत असताना तुम्ही माझ्या मुलीला मागे बसवलंत. उतारावर गाडी घातलीत."

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

"तुझ्या मोटरवर भरवसा ठेवला गं," ते म्हणाले.

मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. ऑपरेशन झालं, घरी सोडलं, तोपर्यंत आम्ही औषधांपुरतं बोललो. उन्हाळ्यात मी सईला घेऊन जर्मनीला आले.

इथेही मी स्टीअरिंगच्याच कामात आहे. आता हाताशी जे चाक असतं आणि खाली जी चाकं असतात, त्यांच्यामध्ये दांडाच नसतो. नुसती तार. हात काय म्हणतो ते तारेवरून खाली जातं आणि मोटर चाकं वळवते. एक मोटर बंद पडली तर दुसरी असते, दुसऱ्या तारेवर. चालकाच्या हाताच्या जोरावर विसंबायचं नाही, असं आता धरतात. रस्ता हाताला जाणवावा म्हणून वरच्या चाकातही एक छोटी मोटर बसवतात. खड्डा आला की ती खड्ड्यासारखं हलवते. किती हलवायचं ते आम्ही ठरवतो. अप्पांना हे मी सांगितलेलं नाही.

अप्पा माझ्याशी बोलत नाहीत असं नाही. व्हिडिओ कॉलवर सईशी बोलतात, मग ती फोन माझ्याकडे वळवते, ते "बरा आहे" म्हणतात, मी "औषध घेताय ना" म्हणते. फोन ते डाव्या हातात धरतात. उजवा कधीच दिसत नाही. आईला विचारलं तर अप्पा शेजारून जे सांगतील तेच ती म्हणते. सई आता मोठी झाली. परवा तिने त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही आता गच्चीवरून का बोलत नाही? समुद्राकडचे ढग दाखवायचात ना."

तर अप्पा म्हणाले, "जिन्याच्या पायऱ्या कोणीतरी उंच केल्यात वाटतं गं बाय."

सई हसली. मागून दादाच्या हसण्याचाही आवाज आला.

मी लगेच दादाला फोन केला. तो म्हणाला, "मागच्याच पावसाळ्यात दाखवून आणलंय. सगळं ठीक आहे. तू तिथे बसून उगाच जीव टांगणीला लावू नकोस. गंमत करतात ते." आणि मग म्हणाला, "जिन्याला रेलिंग बसवून घेतो हवं तर."

माझं निघणं पुढच्या महिन्याच्या आत होत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणी चिपळूणचं असेल, मास्तरांकडे गाडी शिकलेलं असेल, तर एकदा घरी जाऊन या. संध्याकाळी ते अंगणात खुर्चीवर असतात. कसे आहात असं विचारू नका, बरा आहे म्हणतील. समोर उभे राहा, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं पुढे करा आणि म्हणा, दाबा. मग त्यांना धरून गच्चीचा जिना चढवून आणा, आणि कुठली पायरी उंच लागली ते विचारा. दादाला नको, मला कळवा.